उपवासाचा रकाना

सलग तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ कंपनीच्या स्वागतकक्षात येऊन बसले होते. डाव्या हाताला मनगटाच्या वरपर्यंत बँडेज, मांडीवर मोबाइल, डोक्यावर पांढरी जाळीदार टोपी. रखवालदाराने त्यांना दोनदा तक्रारअर्जाचा कागद दिला होता आणि दोन्ही वेळा त्यांनी तो कोराच परत केला होता. त्यांना तक्रार करायची नव्हती. भरपाईचा विषय काढला तर ते मान हलवत. त्यांना फक्त एक ओळ लिहून हवी होती.

कंपनीतली प्रोग्रॅमर हेमांगी टिपरे जेवायला निघाली होती. पहिल्या दोन दिवशी ती त्यांच्यासमोरून तशीच गेली. तिसऱ्या दिवशी का कोण जाणे, तिला पुढे जाववेना. ती शेजारच्या खुर्चीवर बसली आणि काय झालं ते तिने विचारलं.

त्यांचं नाव दस्तगीर शिकलगार. मिरजेत तंबोरे बनवण्याचा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. वय एकोणसत्तर, मधुमेह बावीस वर्षांचा. गेल्या डिसेंबरात त्यांनी कंपनीचा ‘अंतर्मात्र’ हा इन्शुलिनचा पंप पोटाच्या कातडीखाली बसवून घेतला होता. शब-ए-मेराजच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी रोजा धरला. दुपारी दोनच्या सुमारास काम करता करता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, ते पुढे कोसळले आणि हातातली पटाशी डाव्या तळव्यात घुसली. दोन बोटांच्या शिरा तुटल्या. इस्पितळात रक्तातली साखर मोजली तेव्हा ती अवघी एकतीस भरली.

“मी खूण केली होती, ताई,” ते म्हणाले. “पहाटे सहेरीचं खायला उठलो तेव्हाच फोनवर ‘आज उपवास’ दाबलं. तुमचे लोक म्हणतात, केलीच नाही.”

हाताचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. घरात मात्र सगळं बदललं होतं. बायको जुबेदा आणि पुण्याचा मुलगा अल्ताफ यांनी ठरवून टाकलं होतं, की अब्बांची स्मरणशक्ती चालली. मुलाने हातातली चार तंबोऱ्यांची कामं त्यांच्या पुतण्याकडे दिली आणि दुकान बंद केलं. आता तो त्यांना पुण्याला न्यायचं म्हणत होता.

“हात होईल बरा. पण आता मी काहीही बोललो, चहात साखर नव्हती म्हटलं तरी, दोघं एकमेकांकडे बघतात. म्हणून म्हणतो, मी खूण केली होती, एवढं कुणीतरी लिहून द्या.”

हेमांगीने त्यांचा फोन हातात घेतला. पडद्यावर नोंद होती. आज उपवास: हो. पहाटे चार अडतीस.

ती जेवायला गेली नाही. वर जाऊन तिने कंपनीच्या केंद्रात पोचलेली नोंद काढली. त्या दिवशीचा उपवासाचा रकाना रिकामा होता. खाली सुरक्षा विभागाचा शेरा होता: ‘रुग्णाने उपवासाची खूण केली नाही. फोनवरची नोंद नंतर मागच्या वेळेची करता येत असल्याने ग्राह्य नाही.’ त्याखाली विभागप्रमुखांची सही. विश्राम टिपरे. हेमांगीचा नवरा.

अंतर्मात्र कशासाठी नावाजला गेला ते इथे सांगायला हवं. त्याआधीचे पंप रक्तातली साखर वाढायची वाट बघत आणि मग इन्शुलिन सोडत. साखर पुढे आणि औषध तिच्या मागे, अशी ती पळापळ असे. अंतर्मात्र माणसाच्या सवयी शिकून घेई. हा माणूस सव्वा वाजता जेवतो, साधारण इतका भात खातो, हे त्याला महिनाभरात कळे आणि पहिला घास तोंडात जाण्याच्या वीस मिनिटं आधीच तो मात्रा सोडे. २०३७च्या नोव्हेंबरात तो बाजारात आला आणि दहा महिन्यांत एकसष्ट हजार लोकांच्या पोटात जाऊन बसला. वीस वर्षांत ज्यांनी जिलबीला हात लावला नव्हता, त्यांनी ताटात जिलबी वाढून घेतली.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातात नव्हती. सोडलेलं इन्शुलिन परत घेता येत नाही. माणूस जेवलाच नाही, तर ते रक्तातली असेल नसेल ती साखर संपवत जातं. म्हणूनच फोनवर ‘आज उपवास’ हे बटण दिलं होतं.

आणि मात्रा ठरवण्याचं काम पंपाचं नव्हतंच. ते दूरच्या एका संगणकावरचा सव्वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम करी. हजारो रुग्णांवर तपासलेला तो प्रोग्रॅम इतका भरवशाचा होता, की त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. एक अक्षर बदललं तरी साऱ्या चाचण्या पुन्हा, म्हणजे चार-पाच वर्षं. त्यामुळे नव्या पंपाला त्या जुन्या प्रोग्रॅमशी त्याच्याच जुन्या पद्धतीने बोलावं लागे. त्या पद्धतीचं नाव सोप. तिच्यात प्रत्येक निरोप एका लिफाफ्यात घालून पाठवायचा. लिफाफ्यात कोणते रकाने, कोणत्या क्रमाने, कोणता सक्तीचा आणि कोणता ऐच्छिक, हे सगळं एका करारपत्रात लिहिलेलं असतं. ते करारपत्र माणसाने वाचायचीही गरज नसते. एका साधनाला ते दिलं, की लिफाफे तयार करणारा सगळा कोड ते साधन आपोआप लिहून देतं.

अडीच वर्षांपूर्वी हेमांगीने हेच केलं होतं. एक आज्ञा दिली आणि चहा संपायच्या आत अकरा हजार ओळी तयार झाल्या. फाइलच्या डोक्यावर सूचना होती, की हा कोड यंत्राने तयार केला आहे, हाताने बदल करू नये. तिने तो बदलला नाही आणि वाचलाही नाही. अकरा हजार ओळी कोण वाचतं? परीक्षणाच्या कागदावर मात्र ‘तपासले’ असं लिहून तिने सही केली होती.

त्या दुपारी तिने प्रयोगशाळेतला एक पंप टेबलावर घेतला, त्याला जोडलेल्या फोनवर उपवासाची खूण केली आणि बाहेर जाणारा लिफाफा वाटेत अडवून उघडला. रुग्णाचा क्रमांक होता. साखर होती. वेळ होती. उपवासाचा रकाना लिफाफ्यात नव्हताच. रिकामाही नव्हता, मुळात नव्हताच. तिने पुन्हा केलं. पाच वेळा केलं.

मग तिने त्या अकरा हजार ओळी उघडल्या आणि तिला हवं होतं ते अर्ध्या तासात सापडलं. करारपत्रात उपवासाचा रकाना ऐच्छिक होता. अशा ऐच्छिक रकान्यासाठी ते साधन एकाऐवजी दोन जागा तयार करतं. पहिल्या जागेत उत्तर, म्हणजे ‘उपवास: हो’. दुसऱ्या जागेत, उत्तर दिलं आहे का? ही दुसरी जागा मुळात ‘नाही’वर असते. ती आपण ‘हो’ केली नाही, तर यंत्र समजतं की काही सांगायचंच नाही, आणि पहिल्या जागेतलं उत्तर गुपचूप गाळून टाकतं. चूक झाल्याचा संदेश येत नाही. दिवा लागत नाही. हेमांगीने पहिली जागा भरली होती, दुसरी राहिली होती. एका ओळीचं काम.

चाचणीत हे का दिसलं नाही, हे तिला लगेच आठवलं. चाचणीत उपवासाचा एकच दिवस होता, आणि त्या दिवशी चाचणीतल्या गृहस्थांनी वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी खाल्ली होती. पंपाने जेवणाची मात्रा सोडली, खिचडीने ती भरून काढली आणि आलेख सरळ राहिला. दर चतुर्थीला हजारो घरांत हेच होत असणार. कोसळत होते ते खरोखर काहीच न खाणारे. निर्जळी करणारे. रोजा धरणारे.

तिने भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. पितृपक्ष चालू होता. नऊ दिवसांनी सर्वपित्री अमावस्या. तिच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना. आणि चंद्र दिसला की त्याच्याच पुढच्या दिवशी रमजान. त्या वर्षी दोन्ही एकाच अमावस्येच्या पाठीला पाठ लावून आले होते. पंप बाजारात आल्यापासूनचं हे पहिलं नवरात्र आणि पहिलाच रमजान.

तिला बसवेना. ती जिन्याने खाली गेली. स्वागतकक्षातली खुर्ची रिकामी होती. ती पुन्हा वर आली आणि सरळ विश्रामच्या केबिनमध्ये शिरली.

विश्रामने सगळं उभ्याने ऐकलं. तिचं बोलणं संपल्यावर त्याने कपाटातून एक जाड फाइल काढली. दहा महिन्यांतल्या अशा घटना सदतीस होत्या. प्रत्येकीवर एकच शेरा, त्याच्या हातचा. त्याने एक पान काढून तिच्यापुढे ठेवलं. शेवंता मगदूम, वय बावन्न, कवठेमहांकाळजवळचं एक गाव. हरतालिकेचा निर्जळी उपवास. मागच्या अंगणात पाणी काढताना कोसळल्या, हौदाच्या दगडी काठावर डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी गेल्या.

“तिच्या नवऱ्याला मीच फोन केला होता,” विश्राम म्हणाला. “तो सारखा विचारत होता, तिने दाबलं होतं का. मी म्हटलं, नाही दाबलं, विसरल्या असतील.”

“तुझ्यापुढे रकाना रिकामा होता, विश्राम.”

“सदतीस वेळा रिकामा होता, हेमा. एकदाही माझ्या मनात आलं नाही, की एवढी माणसं एकच गोष्ट कशी विसरतील.”

अकरा वर्षांच्या संसारात तिने त्याला इतकं पांढरं पडलेलं पाहिलं नव्हतं. त्याला धीर द्यावा असं तिला वाटलं, पण तिच्यापाशीच तो नव्हता. चूक तिची होती. त्याने फक्त ती सदतीस जणांच्या नावावर चढवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं संचालकांना भेटायला गेले. डॉ. सुबोध करमळकर स्वतः मधुमेहतज्ज्ञ होते आणि अंतर्मात्र त्यांच्या पोटातही होता. त्यांनी काहीही नाकारलं नाही. लिफाफा स्वतः उघडून पाहिला आणि दुरुस्तीची ओळ त्याच दिवशी तयार करायला सांगितली. फोनमधून ती पंपापर्यंत जाणार होती. पण कित्येकांचे फोन जुने, गावोगाव नेटवर्कची रड. नऊ दिवसांत फार तर सत्तर टक्के पंप सुधारतील, असा हेमांगीचा हिशेब होता. उरतात अठरा हजार.

“म्हणून सगळ्यांना आजच सांगायला हवं, सर,” ती म्हणाली. “खूण पोचत नाही. उपवास असेल तर जेवणाआधीची मात्रा कातडीवरून दाबता येतं त्या पंपाच्या बटणाने हाताने थांबवा. एवढं सांगितलं तरी पुरे.”

करमळकरांनी जे सांगितलं त्यात लबाडी नव्हती, आणि म्हणूनच ते तिला जड गेलं. लोक बातमी पुरती वाचत नाहीत, ते म्हणाले. पंपात दोष आहे, एवढंच वाचतील. घाबरून हजारो जण पंपच बंद करतील. साखर सहाशेवर जाऊन दहा माणसं दगावली, तर ती कुणाच्या माथी? त्यापेक्षा दुरुस्ती शांतपणे जाऊ द्या, सोबत एक साधी सूचना, उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या. जाहीर करायचंच तर दिवाळीनंतर, परवानगी समितीला कळवून, रीतसर.

“आणि ते सदतीस जण?” विश्रामने विचारलं.

“ते झालेलं आहे, विश्राम. ते बदलणार आहे का?”

घाबरून दगावणारे दहा की न सुधारलेले अठरा हजार, कोण मोजणार? तो सगळा दिवस हेमांगी खुर्चीवरून उठत होती, पुन्हा बसत होती. दुरुस्तीची ओळ तिने स्वतः लिहिली, स्वतः तपासली, दुसऱ्याकडून तपासून घेतली. पंप एकेक करून सुधारू लागले. दोन हजार. पाच हजार. आकडा चढत होता आणि तिचं लक्ष फक्त न सुधारलेल्यांवर होतं. ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ ही सूचना वाचून दस्तगीरभाईंनी काय केलं असतं? ते म्हणाले असते, मी खूण केली आहे, आता काळजी कसली. खूण करणाऱ्या माणसालाच धोका होता. निष्काळजी माणूस एक वेळ वाचला असता.

हे लक्षात आल्यावर तिची तगमग थांबली नाही, पण तिने कागद पुढे ओढला.

तिने पत्र मराठीत लिहिलं आणि त्याचा उर्दू तर्जुमा दस्तगीरभाईंच्या ओळखीच्या एका शिक्षकांकडून करून घेतला. पहिलं वाक्य असं होतं: ‘पंप बंद करू नका.’ मग बटण कुठे आहे, ते किती वेळ दाबायचं, उपवास सोडताना काय करायचं, कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा. शेवटी: ‘श्री. दस्तगीर शिकलगार यांनी पहाटे चार अडतीसला उपवासाची खूण केली होती. ती केंद्रापर्यंत पोचली नाही. चूक त्यांची नव्हती. ज्या कोडमुळे ती पोचली नाही, तो मी तयार केला आणि न वाचता तपासला म्हणून सही केली.’ खाली नाव आणि फोन नंबर.

विश्रामने ते वाचलं. त्याने पेन मागितलं आणि तिच्या सहीखाली लिहिलं, की अशा आणखी छत्तीस माणसांवर चुकीचा शेरा त्याने मारला आहे. मग त्याने फाइल काखेत घेतली आणि तो फोन करायला बसला.

पत्र घेऊन हेमांगी शिकलगारांच्या घरी गेली. अल्ताफ पुण्याहून आलेला होता, सामान बांधून झालं होतं. तिने ते मोठ्याने वाचलं. जुबेदाबी उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या. नवऱ्यापुढे कप ठेवताना त्यांनी विचारलं, साखर बघा, बरोबर आहे का. अल्ताफने मान खाली घातली.

दस्तगीरभाईंनी कागदाची घडी केली. “हे शुक्रवारी मशिदीत वाचून दाखवलं तर चालेल?”

“त्यासाठीच दोन प्रती आणल्यात,” ती म्हणाली.

शुक्रवारी ते स्वतः उभे राहिले. नंतर तोच कागद देवीच्या देवळाच्या फलकावर लागला, औषधांच्या दुकानांत लागला, आणि रविवारपर्यंत सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या फोनांवर फिरू लागला. हेमांगीचा फोन थांबेना. लोक ओरडत, रडत, काही नुसतंच बटण कुठे आहे ते विचारत. सोमवारी कंपनीने दोघांनाही कामावरून दूर केलं. त्याच दिवशी करमळकरांनी पंप सुधारणाऱ्या केंद्रांची यादी स्वतःच्या नावाने जाहीर केली.

त्या महिन्यात उपवासात अकरा जण इस्पितळात आले, सगळे घरी गेले. करमळकरही खोटे ठरले नाहीत. जत तालुक्यातल्या एका शिक्षिकेने घाबरून पंप पुरता बंद केला, त्यांची साखर साडेपाचशेवर गेली आणि त्या पाच दिवस अतिदक्षता विभागात होत्या. हेमांगी रोज जाऊन बाहेरच्या बाकावर बसे. त्या शुद्धीवर आल्या तेव्हा तिने आत जाऊन आपण कोण ते सांगितलं. त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. बोलणं ऐकून घ्यावं तसं तिने तेही घेतलं.

विश्रामने पस्तीस फोन केले. छत्तिसावा त्याला करवेना. दसऱ्यानंतर तो हेमांगीला म्हणाला, चल, जाऊन येऊ.

शेवंताबाईंचे नवरे वसंत मगदूम शाळेची बस चालवत. मुलांना सोडून ते परतेपर्यंत दोघं मागच्या अंगणात थांबले. हौदाचा काठ समोरच होता. मगदूम आले, त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. विश्रामने आपलं नाव सांगितलं, त्या फोनची आठवण दिली आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याने एकदाही हेमांगीचं नाव घेतलं नाही. तेव्हा तिने स्वतःच सांगितलं.

मगदूम ओरडतील, हाकलून देतील, असं हेमांगीला वाटत होतं. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

“म्हंजे तिनं दाबलं होतं,” ते म्हणाले.

“हो. पहाटे पाच दहाला,” विश्रामने सांगितलं.

“मी तिच्यावर रागावलो होतो.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “एवढी साधी गोष्ट विसरलीस, मला एकट्याला टाकून गेलीस, असं म्हणत होतो. दहाव्याला नाही, बाराव्याला नाही, मला रडूच आलं नाही. पोरगी म्हणाली, बाबा दगड झाले.”

ते उठले, हौदापाशी गेले आणि काठावर हात टेकून उभे राहिले. पाठमोऱ्या त्या माणसाचे खांदे हलायला लागले. विश्राम उठू पाहत होता. हेमांगीने त्याचा हात धरला आणि त्याला खाली बसवलं. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.